बालकवी चाकणला जातात

पिंपरी-चिंचवड म्हटले की कविता कोणाला आठवते? मला तरी आठवत नव्हती. आठवतो तो भल्या पहाटे चौकात कंपनीच्या बसची वाट पाहणारा, हातात डब्याची पिशवी धरलेला माणूस. आठवतात भोसरीच्या गल्ल्यांतून खडखडणारी लहान लहान वर्कशॉपे, आणि चाकणहून नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन निघालेले ते लांबलचक ट्रेलर. म्हणून गेल्या पावसाळ्यात आमचे काका छत्री मिटवीत घरात आले आणि म्हणाले, "सर, बालकवींच्या आयुष्यावर एकपात्री प्रयोग बसवतोय. निगडी, भोसरी, चाकण, असा फिरवायचा," तेव्हा मी हसलो.

"काका, 'फुलराणी'ला आपल्या इथे बसायला हिरवळ तरी कुठे शिल्लक आहे?"

"म्हणूनच तर न्यायची," काका म्हणाले आणि चहाची वाट पाहत बसले.

काका म्हणजे माझे कोणी सख्खे काका नव्हेत. आमच्या वसाहतीत लहानथोर सगळेच त्यांना काका म्हणतात. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी तीस वर्षे काढली. संध्याकाळी कामगार कल्याण केंद्रात नाटकाच्या तालमी केल्या. 1953 साली महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले आणि पुढे त्याच्या नाट्यस्पर्धांनी गिरण्या-कारखान्यांतल्या कितीतरी हौशी नटांना रंगमंच मिळवून दिला. त्या नटांपैकी काका एक. आवाज खणखणीत, पाठांतर अचाट. डाव्या हाताच्या तर्जनीचे पुढले पेर मात्र नाही. मशिनवर गेले, एवढेच ते सांगत, आणि आम्हीही अधिक विचारीत नसू.

माझ्याकडे काम होते ते संहिता तपासण्याचे. बालकवी मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो आहे, तेव्हा मला ते मानाचे वाटले. मी तपासता तपासता बरेचसे लिहिलेही. शेवट तर सगळा माझाच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झाले ते त्या शेवटावरूनच झाले.

एकट्या माणसाने उभे राहून एका कवीचे आयुष्य सांगायचे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पु. ल. देशपांड्यांनी 1961 साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली, लक्ष्मणराव देशपांड्यांनी 1979 पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घेऊन गावेच्या गावे हसवली. पण त्याच्याही कितीतरी आधीपासून आपला कीर्तनकार हेच करीत आला आहे. आमच्या या टापूचेच पाहा. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि मध्ये पवनेच्या काठी चिंचवडला मोरया गोसावींची समाधी. शेकडो वर्षे इथे एक माणूस मागे टाळकरी घेऊन उभा राहतो आणि तुकोबांचे आयुष्य सांगतो. दिवाळे निघाले, वह्या इंद्रायणीत गेल्या, हे तो असे सांगतो की आपल्याच आळीत काल घडले असावे. कारखाने नंतर आले. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग एकामागून एक मोठ्या कंपन्या आल्या. 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. 2016 साली तर त्याच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर मराठी साहित्य संमेलनही भरले. म्हणजे मी हसलो ते उगाचच.

काकांचे सामान थोडके. एक लोखंडी ट्रंक, एक खुर्ची, एक कंदील, धोतर, काळा कोट आणि टोपी. कोटाला खिसे होते, म्हणून मी सुचवले, "काका, डावा हात शक्यतो खिशात असू द्या. कवीचा हात आहे." काकांनी मान डोलावली.

आता ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या कवीविषयी थोडे सांगतो. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म 13 ऑगस्ट 1890 चा, खानदेशातल्या धरणगावचा. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्यांच्या पाठीमागे खानदेशातली गावे पाहत बालपण गेले. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरले, तिथे या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. हे कीर्तिकर नुसते काव्यरसिक नव्हते. ते लष्करी डॉक्टर होते, आणि औषधी वनस्पतींवरचा त्यांचा नि बसूंचा ग्रंथ आजही प्रसिद्ध आहे. फुलांच्या कवीला त्याचे नाव एका वनस्पतिशास्त्रज्ञाने ठेवावे, ही गंमत मला नेहमी सांगावीशी वाटते.

पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याला अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त हे ठोंबरे घरातल्या हट्टी पण लोभस मुलासारखे वावरतात. मिशनच्या शाळेत त्यांनी मास्तरकी केली. 'निर्झरास', 'श्रावणमास', 'औदुंबर' या कविता देणारा हा माणूस पोटासाठी शिक्षक होता आणि बेताच्या मिळकतीत संसार करीत होता. हळूहळू कवितेत खिन्नता येऊ लागली. 'पारवा', 'खेड्यातील रात्र' या कविता वाचल्या की 'आनंदी आनंद गडे' लिहिणारा तो हाच का, असे वाटते. 5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली स्टेशनापाशी आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. अठ्ठाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

या मृत्यूचे मी काय केले होते ते सांगतो. काकांनी कंदील घेऊन रंगमंचाच्या कडेकडेने चालायचे. दुरून गाडीची शिटी ऐकू यायची. आपल्याच तंद्रीतल्या कवीला ती रानातल्या पाखराची शीळ वाटायची. त्याने थांबून हसायचे, मान वर करायची. दिवे मंद मंद होत जायचे आणि अंधार. इंग्रजीतला कीट्स पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेला, शेली तिशीच्या आत समुद्रात बुडाला, आणि आमचा बालकवी निसर्गाची हाक ऐकत निसर्गात मिसळून गेला, अशी ती रचना होती. वर्गातही मी हे असेच सांगत असे. मुली डोळे पुसत. मलाही बरे वाटे.

पहिला प्रयोग निगडीला प्राधिकरणात, एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात झाला. बहुतेक मंडळी कारखान्यांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेली. 'श्रावणमासा'ला काकांनी सुरुवात केली मात्र, सारे सभागृह त्यांच्याबरोबर म्हणू लागले. पाठ्यपुस्तकातली कविता माणसाला शाळा विसरली तरी सोडत नाही. शेवटी अंधार झाला तेव्हा दोन-तीन हुंदके स्पष्ट ऐकू आले. एक गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मरण यावं तर असं." मी नम्रपणे हसलो.

दुसरा भोसरीला, कामगार वस्तीतल्या एका मंगल कार्यालयात. शेजारच्या दालनात कोणाचा तरी साखरपुडा होता, आणि 'औदुंबर' चालू असताना तिकडून बँडने अशी काही उसळी घेतली की त्या आठ ओळींवर टीकाकारांनी लिहिलेली पानेच्या पाने एका क्षणात उडून गेली. काका थांबले. प्रेक्षकांकडे पाहून म्हणाले, "लग्न जमलंय, वाजू द्या." लोक हसले. वाद्ये थांबल्यावर त्यांनी त्याच ओळीपासून पुन्हा उचलले. चिंचवडचे रामकृष्ण मोरे नाट्यगृह, पिंपरीचे अत्रे रंगमंदिर, इथल्या खुर्च्यांवर बसून नाटक पाहण्याची सवय झालेल्या मला हा नट वेगळाच वाटला. मग लक्षात आले की मशिनच्या आवाजात ज्याने तीस वर्षे काढली, त्याला बँडचे काय!

तिसरा प्रयोग चाकणचा. एका कंपनीतल्या कामगार मंडळींनी बोलावले होते. दुपारची पाळी सुटायची नि पुढची लागायची त्या मधल्या वेळेत, कँटीनमध्ये. आम्ही काकांच्या पुतण्याच्या टेम्पोतून निघालो. ट्रंक मागे, आम्ही तिघे पुढे. पुणे-नाशिक रस्त्यावरून जाणाऱ्याला वेळेविषयी खात्रीने बोलता येत नाही, म्हणून दोन तास आधी निघालो, आणि ते दोन्ही तास लागले. मोशीच्या चौकात डाव्या हाताला देहूचा रस्ता, उजव्या हाताला आळंदीचा. पलीकडे इंद्रायणीचा पूल. खाली पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता. मांडीवर 'निर्झरासा'चा कागद घेऊन पाठ घोकणारे काका त्याकडे पाहून गप्प झाले.

चाकण म्हणजे तसा फार जुना गाव. 1660 साली शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्याने इथला संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढवला. त्या भुईकोटाचे अवशेष आज वस्तीत दाटीवाटीने उभे आहेत. बाजार कांद्या-बटाट्याचा, आजही जोरात. त्याच्या भोवती आता मोटारींच्या, त्यांच्या सुट्या भागांच्या कंपन्यांचे गावच उठले आहे. खोल्या करून राहणारी पोरे मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली, आणि खानदेशातली तर किती!

दाराशी आमची नावे लिहून घेतली, पायांत घालायला जाड टाचेचे बूट दिले. काकांनी ते सवयीने चढवले. मला नाड्या बांधायला वेळ लागला. कँटीनमध्ये दीडशे-एक माणसे होती. स्टीलच्या ताटांचा खणखणाट, भाजीचा वास, वर फिरणारे मोठे पंखे. पडदा नाही, दिवे नाहीत. 'दिवे मंद होतात' हे माझे वाक्य कुठे बसवायचे, या चिंतेत मी कोपऱ्यात उभा राहिलो.

सुरुवात थंड झाली. अर्धे लोक जेवत होते, बाकीचे मोबाइल पाहत होते. काका म्हणाले, "माझं नाव त्र्यंबक. गाव धरणगाव." आणि मागच्या टेबलांवरून एकदम आरोळी उठली. कोणी शिट्टी मारली. "आमचं एरंडोल!" एकजण ओरडला. दुसऱ्याने "यावल!" म्हटले. जळगावच्या संमेलनाचा प्रसंग आला तेव्हा टाळ्या पडल्या त्या कीर्तिकरांना नव्हे, जळगावला. माझा हा निसर्गकवी त्या क्षणी त्यांच्या तालुक्यातला, शिकून नगरला नोकरीला गेलेला पोरगा झाला होता. 'खेड्यातील रात्र' सुरू झाली आणि ताटांचा आवाज थांबला. समोरचा एक विशीतला मुलगा घास हातात धरून तसाच बसला होता. रात्रपाळी करून खोलीवर येणाऱ्याला गावाकडची रात्र कशी आठवत असेल, याचा मी तोवर विचार केला नव्हता.

मग शेवट आला. कंदील, शिटी, पाखराची शीळ, ते हसणे. दिवे मालवता येईनात, म्हणून काकांनी डोळे मिटले.

टाळ्या पडल्या नाहीत. मला वाटले, भारावले असतील. तेवढ्यात मधल्या रांगेतला एक चाळिशीचा माणूस उठला. गणवेश अंगावर, टोपी हातात.

"सायेब, राग नका मानू. मी तिकडचाच हाये, भो. भादली टेसन आमच्या गावापासून जवळ हाये. आमच्याकडचे म्हातारे येगळं सांगतात. त्या मास्तराची चप्पल अडकली व्हती म्हने, रुळापाशी, तारेत. ती काढाले वाकला, तं मालगाडी आली."

कँटीन शांत झाले. मग तो समोरचा मुलगा, घास हातात धरून बसलेला, म्हणाला, "नवी असंल चप्पल."

कोणी हसले नाही.

मी खाली पाहिले. माझ्या पायांत कंपनीचे बूट होते. त्या माणसाने सांगितलेली हकीगत मला नवी नव्हती. बालकवींच्या मृत्यूविषयी ती छापूनही आलेली आहे, आणि मी ती वाचलेली होती. दोन रूळ एकत्र येतात त्या जागी चप्पल अडकली, ती सोडवायला ते वाकले, आणि मालगाडी आली, असे सांगतात. शेवटच्या खिन्न कवितांकडे बोट दाखवून काहींनी निराळ्या शंकाही काढल्या. मी यांपैकी काहीच घेतले नाही. शंका घेतल्या नाहीत याचे मला वाईट वाटत नाही. पण चप्पल मी का गाळली? कारण चप्पल काव्यमय नव्हती. पाखराची शीळ कुठल्याच चरित्रात नव्हती. ती मी घातली. वीस वर्षांत किती वर्गांना मी ही शीळ ऐकवली असेल, त्याचा हिशेब त्या कँटीनमध्ये उभा राहून मी करू लागलो.

काका खुर्चीवर बसले. खिशातला डावा हात त्यांनी बाहेर काढला आणि समोर धरला.

"तुम्ही म्हणता ते खरं असणार," ते म्हणाले. "प्रेसखाली एक वॉशर पडला होता. दहा पैशाचा. मशिन बंद करायला पाहिजे, हे मला ठाऊक नव्हतं का? मीच नव्या पोरांना शिकवायचो. पण हात जातो."

"जातोच," मागून कोणी तरी म्हणाले. आणि मग कितीतरी वेळ त्या कँटीनमध्ये जे बोलणे चालले ते बालकवींविषयी होते की आणखी कशाविषयी, हे सांगणे कठीण आहे. एकजण रूळ ओलांडताना गेलेल्या मित्राविषयी बोलला. एकाने विचारले, त्या मास्तराला पगार किती होता? एका बाईंनी, त्या कँटीनमध्येच काम करीत होत्या, विचारले, "बायको होती का हो त्यांना?" काकांनी सांगितले, "होती. पार्वतीबाई." बाईंनी नुसती मान हलवली आणि ताटे उचलू लागल्या. मग भोंगा झाला आणि मंडळी कामावर गेली. तो भादलीकडचा माणूस जाता जाता काकांचा हात धरून म्हणाला, "कविता मातर लय भारी म्हनता तुम्ही."

परतताना मोशीच्या चौकात आम्ही चहाला थांबलो. रात्र झाली होती, आळंदीकडे जाणारी एक दिंडी रस्त्याच्या कडेने टाळ वाजवीत निघाली होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मीच म्हणालो, "काका, शेवट बदलावा लागेल."

"तो बदलला, सर," काका म्हणाले. "तिथेच बदलला. तुम्हाला फक्त लिहायचा राहिलाय."

मी तो लिहिला, म्हणजे बहुतेक खोडला. आता कवी कंदील घेऊन चालत नाही. तो साध्या पावलांनी रूळ ओलांडतो, ठेचकाळतो, मागे पाहतो. चप्पल ओढून पाहतो, निघत नाही. मग डाव्या हाताने, बोटाचे पेर नसलेल्या त्या हाताने, ती सोडवायला खाली वाकतो. शिटी नाही. दिवे तसेच असतात. काका काही क्षण वाकलेले राहतात, मग सरळ उभे राहून, काका म्हणूनच, तारीख सांगतात. पाचवा महिना, पाचवी तारीख, 1918.

त्यानंतरचा प्रयोग पुन्हा निगडीच्या त्याच संघात झाला. पूर्वी पाहिलेली बरीच मंडळी हौसेने पाहुण्यांना घेऊन आली होती. या वेळी हुंदका ऐकू आला नाही. लोक उठायला वेळ लागला एवढेच. "मरण यावं तर असं" म्हणणारे गृहस्थ पहिल्या रांगेत होते. ते माझ्याशी न बोलता निघून गेले. एक आजी काकांजवळ येऊन म्हणाल्या, "पूर्वीचा शेवट बरा होता हो. निदान सुखानं तरी गेला होता बिचारा."

"हो आजी," काका म्हणाले, "पण तो गेला नव्हता तसा."

आजींनी क्षणभर विचार केला. म्हणाल्या, "कोल्हापुरी असेल. सुटता सुटत नाही लवकर." आणि काठी टेकीत गेल्या.

या वर्षी वर्गात 'औदुंबर' शिकवायला घेतली तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, बालकवी कसे गेले?" पूर्वी मला हा प्रश्न फार आवडे. या वेळी मी एवढेच सांगितले की रूळ ओलांडताना चप्पल अडकली असे म्हणतात, आणि मग त्या आठ ओळी फळ्यावर लिहिल्या. शाळेतल्या पोराप्रमाणे एकेक शब्द तपासून लिहिल्या. मला त्या पूर्वीपेक्षा अधिक सुंदर दिसल्या. ज्याला आपली चप्पल सोडवत नव्हती अशा माणसाने त्या लिहिल्या आहेत, हे ठाऊक असून त्या काही कमी होत नाहीत.

काकांचा प्रयोग चालू आहे. दिवाळीनंतर त्यांना धरणगावकडून बोलावणे आले आहे, आणि टेम्पो न्यावा की रेल्वेने जावे, याची चर्चा आमच्याकडे रोज संध्याकाळी होते. ट्रंकेत आता धोतर, कोट आणि टोपीच्या वर एक जुनी चप्पलजोडी ठेवलेली असते. एका चपलेचा अंगठा तुटलेला आहे. मी म्हटले, तो शिवून घ्या, तर काका म्हणाले, "घेतो. रंगमंचावर चालायला तरी नीट पाहिजे."